वरच्या मजल्याला नवीन मीटर घेतोय. खालचं जुनंही स्मार्ट करून घ्यावं का?

वडगाव_पेठ

नमस्कार मंडळी. घर बेळगावच्या वडगावात, जुनं. तळमजल्यावर आम्ही राहतो, पुढच्या पडवीत दोन माग आहेत. मागांना वेगळा आरआर नंबर (वीज जोडणीचा ग्राहक क्रमांक), थ्री फेज. घराला वेगळा, सिंगल फेज. दोन्ही मीटर इलेक्ट्रॉनिक, एकाच लाकडी बोर्डावर शेजारी शेजारी. वर दोन खोल्या बांधून भाड्याने द्यायच्या आहेत. वायरमन म्हणतोय, नव्या जोडणीला आता स्मार्ट मीटरच बसेल, मग खालचं घराचं पण त्यातच करून घ्या.

गृहज्योती या कर्नाटक सरकारच्या मोफत विजेच्या योजनेत घराची सरासरी ११० युनिट, म्हणजे महिन्याला १२१ माफ. पण पडवीची फिटिंग गेल्या वर्षी नव्याने केल्यापासून वापर १५० च्या खाली येतच नाही, कधी १९० च्या पुढे जातो. घरात नवीन काही घेतलेलं नाही. कोल्हापूरच्या पाहुण्यांकडे स्मार्ट मीटर बसलंय, त्यांना दिवसा वापरलेल्या युनिटवर सूट मिळते म्हणे.

विचारायचं असं: जुनं मीटर स्मार्ट केल्याने बिल कमी होईल का? गृहज्योतीवर काही परिणाम होतो का? की आपलंच एखादं मीटर आत लावून रोजचा वापर बघत जावा?

टिळकवाडी_डीबी

पहिल्यांदा कोल्हापूरचं बाजूला ठेवा. तिथली वीज कंपनी महावितरण, इथली हेस्कॉम. आयोग वेगळे, दर वेगळे. महाराष्ट्रात १ जुलै २०२५ पासून स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकाला सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या युनिटवर ८० पैशांपासून सूट आहे आणि मीटर कंपनी स्वतः बसवून देते. कर्नाटकात घरगुती दर एप्रिल २०२४ पासून सपाट आहे. पहिलं युनिट आणि शंभरावं युनिट एकाच भावाने, दुपारचं आणि रात्रीचंही एकाच भावाने. दर सपाट असताना मोटर दुपारी लावली काय आणि रात्री लावली काय, बिलात काही हलत नाही. सीमाभागात सगळ्यांचे निम्मे नातेवाईक पलीकडे, त्यामुळे व्हॉट्सअ‍ॅपवर येणारी निम्मी माहिती तिकडची असते. ती इथे लावू नका.

दुसरं, खर्च. राज्यात स्मार्ट मीटरची पद्धत कर्नाटक वीज नियामक आयोगाच्या २०२४ च्या नियमांप्रमाणे चालू झाली. बेंगळूरच्या बेस्कॉमने १५ फेब्रुवारी २०२५ पासून नव्या आणि तात्पुरत्या जोडणीला ते सक्तीचं केलं, आधीच्या ग्राहकांना ऐच्छिक ठेवलं. मीटरचे पैसे ग्राहकाचे. तिथे सिंगल फेजला साधारण पाच हजार पडले. त्याआधी साधं मीटर हजाराच्या आत यायचं. तुम्ही आपल्या केईबीच्या (म्हणजे हेस्कॉमच्याच) सेक्शन ऑफिसातून वरच्या जोडणीचं अंदाजपत्रक लेखी घ्या, त्यात मीटरची किंमत वेगळी दाखवलेली असू द्या. आणि बांधकामाची कोणती कागदपत्रं लागतात तेही त्याच वेळी विचारून घ्या, हल्ली नव्या जोडण्या तिथेच अडकतात.

खालचं मीटर चालू आहे, वाचता येतं, सील शाबूत आहे. मग ते बदलायला पैसे घालू नका. मीटर मोजतं, वाचवत नाही.

निपाणी_वर्षा

गृहज्योतीबद्दल सांगते. माफी आरआर नंबरला जोडलेली आहे, भिंतीवरच्या यंत्राला नाही. मीटर बदललं तरी आरआर नंबर तोच राहतो, त्यामुळे तुमचे १२१ तसेच राहतील.

हिशोब असा. २०२२-२३ ची सरासरी अधिक १० टक्के, एवढं माफ. १२१ च्या पुढे आणि २०० पर्यंत गेलात तर वरच्या युनिटचे पैसे. २०० ओलांडले की त्या महिन्याची माफीच जाते, पहिल्या युनिटपासून आकारणी. २०२४-२५ च्या ५.९० दराने बघा: १९९ युनिट झाले तर ७८ युनिटचे ४६० रुपये. २०१ झाले तर ११८६. दोन युनिटसाठी सातशेच्या वर फरक, त्यात स्थिर आकार आणि वीजकर अजून धरलेला नाही. तुमचा वापर १९० च्या पुढे जातोय म्हणजे तुम्ही अगदी काठावर आहात. स्मार्ट मीटर की साधं यापेक्षा हे मोठं आहे.

म्हणूनच वरच्या खोल्या खालच्या मीटरवर अजिबात घेऊ नका. भाडेकरूचे ६०-७० युनिट मिळवले की दर महिन्याला २०० पार. वेगळी जोडणी घेतली तर भाडेकरू स्वतःच्या भाडेकराराच्या आधारावर सेवासिंधू या सरकारी पोर्टलवर त्या आरआर नंबरची गृहज्योतीसाठी नोंदणी करू शकतो. आधीची बारा महिन्यांची नोंद नसलेल्या जोडणीला राज्याची सरासरी ५३ युनिट धरून त्यावर १० टक्के, म्हणजे ५८ युनिट माफ मिळतात. दोन खोल्यांना ते बऱ्यापैकी पुरतात. नव्या मीटरचे पाच हजार त्यातून वसूल होतात.

भाडेकरू बदलला की आधीच्याचं आधार त्या नंबरावरून काढून टाकायला लावा, नाहीतर पुढच्याची नोंदणी होत नाही. खोलीचं अॅडव्हान्स परत देताना जसं सगळं बघून घेतो तसं घरमालकाने हेही त्याच दिवशी करून घ्यावं, भाडेकरू गावी गेल्यावर ओटीपी मागत बसायला लागतं.

खानापूर_वायरमन

वरच्या दोघांचं बरोबर आहे, पण मूळ दुखणं वेगळंच दिसतंय. पडवीची फिटिंग नवीन केली आणि तेव्हापासून घराचा वापर वाढला, घरात नवीन वस्तू नाही. एका बोर्डावर दोन मीटर आहेत. माझा संशय दोन मीटरच्या न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणाऱ्या तारा, मिसळल्यावर आहे.

कसं होतं ते सांगतो. जुन्या चकतीच्या मीटरमध्ये फक्त फेजच्या तारेतला करंट मोजला जायचा. इलेक्ट्रॉनिक मीटरमध्ये चोरी पकडण्यासाठी फेज आणि न्यूट्रल दोन्हीकडचा करंट मोजतात आणि दोन्हींत फरक आला तर जो जास्त असेल त्यावर युनिट धरतात. स्मार्ट मीटरमध्येही तेच. आता पडवीतल्या ट्यूब आणि पंख्यांना फेज मागाच्या मीटरमधून आली, पण फिटिंग करणाऱ्याने त्यांची न्यूट्रल जवळ पडते म्हणून घराच्या न्यूट्रलला बांधली, किंवा दोन्हींच्या न्यूट्रल एका डबीत एकत्र पिळल्या. मग तो करंट मागाच्या मीटरमध्ये फेजवर मोजला जातो आणि परत जाताना घराच्या मीटरमध्ये न्यूट्रलवर पुन्हा मोजला जातो. एकाच करंटचं दोनदा बिल.

मागाच्या मोटारी थ्री फेज असल्या तर त्यांच्या न्यूट्रलचा संबंध येत नाही. पण पडवीत २० वॅटच्या ४ ट्यूब आणि ७५ वॅटचे ३ पंखे धरा: ३०५ वॅट. दिवसाला १० तास चालले तर ३ युनिट, महिन्याला ९०. दोन्ही न्यूट्रल एकत्र असतील तर करंट दोन वाटांनी विभागून परत जातो. निम्मा जरी घराच्या वाटेने गेला तरी ४५ युनिट फुकट चढले. कांडी भरायचं मशीन सिंगल फेजवर असेल तर आणखी.

तपासायला सोपं आहे. घराच्या डीबीतले (स्वीचच्या मुख्य पेटीतले) सगळे एमसीबी, म्हणजे प्रत्येक सर्किटचे छोटे स्वीच, खाली करा. आता घरात काहीच चालत नाही. मागाच्या मीटरवरचे पडवीतले सगळे दिवे, पंखे, कांडी मशीन चालू ठेवा. घराच्या मीटरवरचा लाल दिवा पाच मिनिटं बघत उभे राहा. तो लुकलुकला तर न्यूट्रल मिसळलेली आहे. काही मीटरवर अर्थिंगचा वेगळा दिवा किंवा खूण असते, ती लागली तरी निष्कर्ष तोच.

शहापूर_रिले

वायरमनदादांच्या चाचणीत एक गोष्ट ठळक करतो, कारण बहुतेक लोक इथे फसतात. मेन स्वीच पाडायचा नाही. मेन स्वीच डबल पोल असतो, तो फेजबरोबर न्यूट्रलही तोडतो. तो पाडला की मिसळलेला करंट जायला वाटच उरत नाही, दिवा थांबतो आणि तुम्हाला वाटतं सगळं ठीक आहे. सिंगल पोलचे एमसीबी फक्त फेज तोडतात, न्यूट्रल जोडलेली राहते. म्हणून एमसीबीच खाली करायचे, मेन चालूच.

उलटीही चाचणी करा: मागाचे एमसीबी पाडून घरातला गीझर लावा. मागाचं थ्री फेज मीटर फेजवर मोजणारं असल्याने तिथे कदाचित काही दिसणार नाही. मग वायरमनकडून क्लॅम्प मीटरने मागाच्या न्यूट्रल तारेतला करंट मोजून घ्या.

वडगाव_पेठ

केली चाचणी. घराचे सगळे एमसीबी खाली, मेन चालू, पडवीत सगळं चालू. घराच्या मीटरचा दिवा लुकलुकतोय. पडवीतले पंखे बंद केले की लुकलुकणं हळू होतं, ट्यूब पण बंद केल्या की थांबतं. आता दुरुस्ती कशी सांगायची वायरमनला? आणि जिन्यातला दिवा वरून-खालून दोन्हीकडून चालतो, त्याचा काही संबंध?

खानापूर_वायरमन

मग नवीन मीटर बसवायच्या आत हे करून घ्या. नाहीतर वरच्या जोडणीची तिसरी न्यूट्रल त्यात मिसळेल, स्मार्ट मीटर तोच चुकीचा करंट जास्त काटेकोर मोजेल, आणि सगळा दोष मीटरवर जाईल. लोकांची "नवीन मीटर पळतंय" ही तक्रार बरीचशी इथूनच येते.

हे लायसन्सवाल्या वायरमनकडूनच करून घ्या, स्वतः हात घालू नका. मिसळलेली न्यूट्रल सोडवताना उघडं पडलेलं टोक दुसऱ्या जोडणीच्या पंख्यातून किंवा दिव्यातून जिवंत झालेलं असतं. काळी तार म्हणून हात लावला की झटका बसतो. दोन्ही मेन पाडून, टेस्टरवर न थांबता मल्टिमीटरने खात्री करूनच काम.

दोन्ही मेन खाली, घराचा डबल पोल आणि मागाचा फोर पोल. घराच्या न्यूट्रल पट्टीवर मल्टिमीटरचं एक टोक, मागाच्या न्यूट्रल पट्टीवर दुसरं, बीपवर ठेवून. बीप वाजला की दोन्ही कुठेतरी जोडलेल्या आहेत. आता घराच्या पट्टीवरून एकेक काळी तार सोडत जायचं. ज्या तारेला बीप थांबला तिचा माग काढत डबीपर्यंत जायचं. दोन-तीन ठिकाणी जोड असू शकतो, म्हणून एक सापडला म्हणून थांबू नये. सगळ्या तारा परत लावून पुन्हा बीप बघायचा.

जिन्याच्या दिव्याचं तुम्ही विचारलंत ते नेमकं. टू-वे स्वीचला वरची फेज एका मीटरची आणि दिव्याची न्यूट्रल दुसऱ्या मीटरची, असं जुन्या घरांत सर्रास असतं. जिन्याचा दिवा पूर्ण एकाच मीटरवर घ्या, फेज आणि न्यूट्रल दोन्ही. वर भाडेकरू येणार, तेव्हा तो दिवा कुणाच्या मीटरवर हे आत्ताच ठरवा. इन्व्हर्टरही बघा. एकाच इन्व्हर्टरवरून घर आणि पडवी दोन्हीकडे एकेक पॉइंट दिला असेल तर तिथूनही न्यूट्रल एकत्र येते. वरच्या भाडेकरूला खालच्या इन्व्हर्टरवरून दिवा देऊ नका, त्याला हवा तर त्याचा वेगळा घेईल.

बाथरूमकडचे, गोठ्याकडचे बल्बही तपासा. न्यूट्रल लांब पडते म्हणून काही जण अर्थिंगच्या तारेलाच न्यूट्रल म्हणून वापरतात. त्याने मीटर अर्थिंगची खूण दाखवतं, आणि पावसाळ्यात अर्थिंग कमी पडलं की नळालाही करंट येतो. हे सापडलं तर त्याच दिवशी बंद.

शेवटी प्रत्येक मीटरमागे वेगळा मेन (सिंगल फेजला डबल पोल, मागाच्या थ्री फेजला फोर पोल), वेगळी न्यूट्रल पट्टी. लाकडी बोर्ड काढून लोखंडी किंवा पॉलीकार्बोनेटची पेटी घ्या. मीटर नव्या पेटीत हलवायचं असेल तर सेक्शन ऑफिसला अर्ज द्या. सील तुमच्या वायरमनने तोडायचं नाही. सील तुटलेलं दिसलं तर २००३ च्या वीज कायद्याचं १३५ कलम लागू शकतं, मग समजावत बसावं लागतं.

शहापूर_रिले

त्यात एक भर: घराच्या मेननंतर ४० अँपिअरचा, ३० मिलिअँपिअरचा दोन पोलचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्वीच) बसवून घ्या. मागाच्या दिव्या-पंख्यांच्या सर्किटला वेगळा. फेज आणि न्यूट्रलमधला करंट समान नसेल तर तो पडतो, म्हणजे न्यूट्रल अजून कुठे मिसळलेली राहिली असेल तर लोड टाकल्याबरोबर कळतं. पुढे एखाद्याने पुन्हा चुकीचा जोड दिला तरी तो राहू देणार नाही. काही फिटिंगवाले "सारखा पडतोय" म्हणून आरसीसीबी काढून टाकायला सांगतात. काढू नका, तो का पडतोय ते शोधा. महिन्यातून एकदा त्यावरचं टेस्टचं बटण दाबा.

अनगोळ_ईएसपी

तिसऱ्या प्रश्नावर. हो, तुमच्या बाबतीत आतलं स्वतःचं मीटर स्मार्ट मीटरपेक्षा उपयोगी, कारण तुम्हाला आकडा महिनाअखेर नको, रोज हवा आहे. १२१ ला ३० दिवसांनी भागलं तर रोजचे ४ युनिट. २०० ला भागलं तर ६.६. संध्याकाळी एक नजर टाकली की आपण कुठे आहोत ते समजलं पाहिजे.

स्वस्त आणि भरवशाचं म्हणजे डीबीत पट्टीवर बसणारं साधं डिजिटल मीटर. हजाराच्या आसपास मिळतं, वायफाय नाही, काही नाही. जागा: मेन स्वीचनंतर, आरसीसीबीच्या आधी. केईबीच्या मीटरच्या आधी किंवा त्याच्या टर्मिनलमध्ये काहीही नाही. तार ६ चौरस मिलिमीटर तांब्याची, टोकाला फेरूल (धातूची टोपी), स्क्रू घट्ट. इथे सैल राहिलेला एक स्क्रू तापून प्लास्टिक वितळवतो. बसवल्यावर तासभर गीझर आणि इस्त्री चालवून टर्मिनलजवळ हाताची मागची बाजू धरून बघा, उष्णता लागली तर मेन पाडून पुन्हा आवळा.

मोबाईलवर बघायचं असेल तर पीझेम-००४टी आवृत्ती ३ चं मॉड्यूल, सोबत १०० अँपिअरची सीटी (तारेभोवती बसणारी, करंट मोजणारी कडी), आणि ईएसपी८२६६ किंवा ईएसपी३२ चा वायफाय बोर्ड. ८० ते २६० व्होल्ट, १०० अँपिअरपर्यंत मोजतं. बोर्डमध्ये ताझ्मोटा किंवा ईएसपीहोम हे सॉफ्टवेअर टाकलं की चालतं. लोक जिथे अडकतात त्या गोष्टी: मॉड्यूलच्या डेटा बाजूला ५ व्होल्ट द्या, ३.३ वर कधी वाचतं कधी नाही. सीटी फक्त फेजच्या तारेभोवती; फेज-न्यूट्रल दोन्ही आत घेतल्या तर शून्य दाखवेल. दोन अर्ध्या भागांची सीटी असेल तर तोंडावर धूळ राहू देऊ नका, फट राहिली की कमी मोजते. एकाच बोर्डला दोन मॉड्यूल जोडणार असाल तर दोघांचे पत्ते वेगळे करावे लागतात, एकेक स्वतंत्र जोडून. आणि मॉड्यूलची मोजणारी बाजू थेट २३० व्होल्टला असते. बंद प्लास्टिक पेटी, पुरवठ्याला वेगळा ६ अँपिअरचा एमसीबी, मुलांच्या हाताला लागणार नाही अशी जागा. खानापूरकडे पावसात भिंती ओल धरतात, तिथे बाहेरच्या भिंतीवर नकोच.

लाईट गेली, वायफाय गेलं तरी युनिटचा आकडा मॉड्यूलमध्येच साठलेला राहतो, ही त्याची चांगली बाजू. पण छतावर सोलर बसवणार असाल तर हे घेऊ नका. वीज आत येतेय की बाहेर जातेय हे ते ओळखत नाही, दोन्ही मिळवत जातं. त्याला दोन्ही दिशा वेगळ्या दाखवणारं मीटर लागतं.

रोजचा आकडा दिसायला लागला की कुठे जातंय ते समजतं. १५ लिटरचा गीझर, पाणी २२ वरून ५५ अंशांवर: ०.५८ युनिट. चार जणांच्या आंघोळीला चार टाक्या तापल्या तर २.३, महिन्याला ७०. बेळगावच्या थंडीत त्याहून जास्तच. तुमच्या १२१ मधले निम्मे तिथेच गेले. फ्रिज दिवसाला ०.६ ते १ च्या दरम्यान. चोवीस तास चालू राहिलेला सेट टॉप बॉक्स १२ वॅटचा असला तरी महिन्याला साडेआठ युनिट. गीझर दिवसभर चालू ठेवून गरम-थंड होऊ देण्यापेक्षा सगळ्यांच्या आंघोळी लागोपाठ उरकणं, एवढ्यानेही फरक पडतो.

सांबरा_केडब्ल्यू

मी थोडी दुसरी बाजू मांडतो, सगळ्यांनी स्मार्ट मीटरला अगदी नको म्हटलंय म्हणून. त्याचे खरे फायदे आहेत. रीडिंग ठरलेल्या वेळी आपोआप जातं. २०० च्या काठावर असलेल्या घराला हे महत्त्वाचं, कारण रीडिंगवाला तीन दिवस उशिरा आला तर तेवढे युनिट याच बिलात येतात. घर बंद म्हणून सरासरीचं बिल येत नाही. अर्ध्या तासागणिक वापर, व्होल्टेज, लाईट गेल्याची वेळ नोंदली जाते. कमी व्होल्टेजची तक्रार करायला पुरावा हातात असतो. सिग्नल नसला तरी मीटर बंद पडत नाही, नोंदी आत साठतात, माणूस येऊन वाचून नेतो.

पण तीन गोष्टी माहीत असू द्यात. आत दूरून तोडता येणारा स्वीच असतो. मंजूर लोडपेक्षा जास्त ओढलं तर आपोआप तोडायची सोय त्यात असते; ती चालू ठेवायची का हे कंपनी ठरवते. म्हणून वरच्या खोल्यांना १ किलोवॅट मंजूर करून नंतर २ किलोवॅटचा गीझर लावू नका. मोजणी अर्ध्या तासाच्या सरासरीवर होते, त्यामुळे २ किलोवॅटचा गीझर १५ मिनिटं चालला तर त्या अर्ध्या तासाला १ किलोवॅटच नोंदला जातो. पण बरोबर इस्त्री आणि मिक्सर आला की ओलांडला. २ किलोवॅट मागा. स्थिर आकार किलोवॅटवर असतो, तो वाढेल, तरी रोजची कटकट वाचते.

दुसरं, अर्ध्या तासाच्या नोंदीवरून घरात कोणी आहे की नाही हे दिसतं. अॅपचा पासवर्ड भाडेकरूचा भाडेकरूकडेच राहू द्या.

तिसरं, प्रीपेड. वीज कायद्याच्या ४७ (५) कलमाप्रमाणे प्रीपेड मीटरवर पुरवठा घेणाऱ्याकडून सुरक्षा ठेव मागता येत नाही. नव्या जोडणीच्या अंदाजपत्रकात प्रीपेड लिहून वर ठेवही लावली असेल तर तिथेच विचारा.

वडगाव_पेठ

खूप उपयोग झाला सगळ्यांचा. ठरवलं असं: न्यूट्रल वेगळ्या करायच्या, आरसीसीबी, आत साधं मीटर. वरच्याला नवीन जोडणी २ किलोवॅट. खालचं तसंच. दोन शंका राहिल्या. खालचं मीटर बरोबर मोजतंय का ते घरी तपासता येतं का? आणि पुढे कधी कंपनीनेच येऊन खालचं बदललं तर काय बघायचं?

शहापूर_रिले

तपासता येतं. मीटरच्या तोंडावर एका युनिटला किती वेळा दिवा लुकलुकतो ते लिहिलेलं असतं, बहुतेकांवर ३२००, काहींवर १६०० किंवा ६४००. न्यूट्रलचं काम झाल्यावरच करा, आधी केलंत तर आकडा खोटा येईल.

घरातलं सगळं बंद, फ्रिज आणि इन्व्हर्टरचं चार्जिंगसुद्धा. दिवा थांबला पाहिजे. मग १५०० वॅटची पाण्याची किटली, त्यात लिटरभर पाणी, आणि मोबाईलवर वेळ. ३२०० च्या मीटरवर १०० लुकलुक म्हणजे ०.०३१२५ युनिट. २३० व्होल्टला त्याला ७५ सेकंद लागायला हवेत. इस्त्री वापरू नका, तिचा थर्मोस्टॅट मध्येच तोडतो.

व्होल्टेज मात्र त्याच वेळी मोजा. २१० व्होल्टला तीच किटली १२५० वॅटच ओढते आणि ९० सेकंद लागतात. हे न धरता लोक मीटर हळू आहे म्हणतात, आणि संध्याकाळी व्होल्टेज कमी असताना केलं तर हमखास. किटलीवरच्या वॅटमध्येही चार-पाच टक्के इकडेतिकडे असतं. तेव्हा पाच-सहा टक्क्यांच्या फरकावरून तक्रार करू नका. दहाच्या वर आला, आणि आतलं नवीन मीटरही तेच सांगत असेल, तर अर्ज करा. ग्राहक हक्क नियमांत २०२४ साली दुरुस्ती झाली आहे: रीडिंग वापराशी जुळत नाही अशी तक्रार दिल्यापासून ५ दिवसांत कंपनीने पडताळणीसाठी शेजारी जास्तीचं मीटर लावायचं आणि निदान ३ महिने दोन्हींची तुलना करायची. अर्जात आरआर नंबर, तुमच्या मोजणीचे आकडे, तारीख लिहा आणि पोच घ्या. १९१२ वर फोन केलात तर तक्रार क्रमांक लिहून ठेवा.

निपाणी_वर्षा

मीटर बदलायला आले तर जुन्या मीटरचं शेवटचं रीडिंग आणि नव्याचं पहिलं रीडिंग, दोन्हींचे फोटो काढा, मीटरचा क्रमांक दिसेल असे. नवीन मीटर शून्यापासूनच सुरू असेल असं धरू नका, तपासणीत थोडे युनिट चढलेले असतात. बदलीच्या कागदावर दोन्ही रीडिंग, दोन्ही मीटरचे क्रमांक, सीलचे क्रमांक आहेत का बघा, मग सही करा आणि प्रत मागून घ्या.

पुढचं बिल आलं की स्वतः बेरीज करा: जुन्याचं शेवटचं वजा मागच्या बिलातलं, अधिक नव्याचं आताचं वजा नव्याचं पहिलं. बिलावर कन्नडमध्ये "बळके" लिहिलेल्या रकान्यातला आकडा याच्याशी जुळला पाहिजे. चूक बहुतेक याच महिन्यात होते आणि २०० च्या वर दाखवून माफी जाते. तसं झालं तर फोटो घेऊन बिल भरायच्या आधी सेक्शन ऑफिसला जा, भरल्यावर दुरुस्ती पुढच्या महिन्यांत वळती होते आणि तोपर्यंत थांबावं लागतं.

वडगाव_पेठ

अनगोळवाले, शेवटचं एक. आतलं मीटर घेताना पट्टीवरचं ५-३० अँपिअरचं घेऊ की मोठं? लोड ३ किलोवॅट आहे.

अनगोळ_ईएसपी

३ किलोवॅट म्हणजे २३० ला १३ अँपिअर, ३० चं भरपूर झालं. पण मेनचा एमसीबी ३२ किंवा ४० चा असेल तर मीटरही ४० किंवा त्यापुढचं घ्या. एमसीबी पडायच्या आत मीटर जळता कामा नये. घेताना सिंगल फेज, दोन तारांचं, आयएसआय खूण असलेलं बघा, आणि शून्यावर आणायचं बटण असेल तर बरं. बिलाच्या तारखेला शून्य केलं की रोजची वजाबाकी करायला नको.